वाढत्या करडांना आणि कोकरांना पेंड कशी द्यावी

मार्च सरत आला की माण, आटपाडी, जत या पट्ट्यातील माळावर गवताची नुसती काडी उरते. करडे दिवसभर चरून येतात, संध्याकाळी त्यांची पोटे भरलेली दिसतात, पण महिन्याने वजनकाट्याला टांगले तर आकडा जागचा हललेला नसतो. अशा वेळी बहुतेक पशुपालक मक्याचा भरडा वाढवतात, कारण मका घरचा असतो आणि करडे तो आवडीने खातात. मात्र वाळलेल्या गवतात आणि ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात, मक्यात ती ९ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि वाढीच्या वयातील पिलाला एकूण आहारात १२ ते १४ टक्के प्रथिने लागतात. ही तूट केवळ भरड्याने भरून निघत नाही. तिथे पेंडच लागते, आणि ती किती, कोणती व कोणत्या वयापासून द्यायची हे ठरवताना उरलेल्या चाऱ्यात काय आहे ते आधी पाहावे लागते.

शेळी-मेंढीच्या कोटीपोटात, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटात, असंख्य सूक्ष्मजीव राहतात आणि चाऱ्यातील तंतू फोडण्याचे काम तेच करतात. त्यांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते. आहारातील प्रथिने ७-८ टक्क्यांच्या खाली गेली की हे सूक्ष्मजीव उपाशी पडतात, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावराची भूक मंदावते. म्हणूनच सुक्या चाऱ्यावरील करडाला रोज मूठभर पेंड मिळू लागली की ते पेंड तर खातेच, पण कडबाही पूर्वीपेक्षा जास्त खाऊ लागते. पुढे हेच सूक्ष्मजीव आतड्यात जाऊन पचतात आणि जनावराच्या अंगी लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग त्यांच्यातूनच मिळतो. मात्र नत्रासोबत त्यांना ऊर्जाही हवी असते. नुसती पेंड दिली, मका किंवा ज्वारीचा भरडा दिला नाही, तर नत्राचा अमोनिया होतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. सकाळी गोठ्याचे दार उघडताना नाकाला झोंबणारा वास आला, तर सफाई कमी पडते आहे की पेंड जास्त होते आहे, हे दोन्ही तपासावे.

कोणती पेंड घ्यावी

पश्चिम महाराष्ट्रात जिला पेंड म्हणतात तिलाच विदर्भात आणि खानदेशात ढेप म्हणतात. नाव काहीही असो, खरेदी करताना दोन गोष्टी विचाराव्यात: तेल कशाने काढले आहे आणि बी सोललेले होते की टरफलासह होते. घाण्याच्या किंवा दाबयंत्राच्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल उरते. तिच्यातून ऊर्जा जास्त मिळते, पण ती लवकर खवट होते. रसायनाने तेल काढलेल्या पेंडीत, जिला बाजारात डीओसी म्हणतात, तेल १ टक्क्याच्या आसपास उरते, प्रथिने थोडी जास्त असतात आणि ती जास्त दिवस टिकते.

शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५ टक्के, सोयाबीन डीओसीत ४४ ते ४८ टक्के, तीळ पेंडीत ४० टक्क्यांच्या आसपास, तर टरफलासह काढलेल्या सरकी पेंडीत २० ते २४ टक्के प्रथिने असतात. खोबरे पेंड कोकणात आणि गोव्यात सहज मिळते. तिच्यात २० ते २२ टक्के प्रथिने असतात आणि करडे ती चवीने खातात. सूर्यफूल आणि करडईची पेंड टरफलासह असेल तर तंतू फार असतो, म्हणून ती सहा महिन्यांपुढील जनावरांना ठेवावी. तूर चुनी आणि हरभरा चुनी, म्हणजे डाळ करताना उरणारा टरफल-कणीचा चुरा, या पेंडी नव्हेत, पण १५ ते १७ टक्के प्रथिनांमुळे मिश्रणात त्यांचा चांगला उपयोग होतो.

पोत्याच्या भावाने फसू नये. समजा, शेंगदाणा पेंड ४५ रुपये किलो आहे आणि सरकी पेंड ३२ रुपये किलो आहे. वरवर पाहता सरकी स्वस्त वाटते. पण पहिलीच्या किलोत ४२० ग्रॅम प्रथिने आहेत आणि दुसरीच्या किलोत २२० ग्रॅम, म्हणजे एक किलो प्रथिनांसाठी पहिलीत सुमारे १०७ रुपये पडतात आणि दुसरीत सुमारे १४५ रुपये. आपल्या गावचे भाव घालून हा भागाकार दर खरेदीला करावा, कारण कोणती पेंड परवडते हे हंगामागणिक बदलत राहते.

सरकीबाबत आणखी एक काळजी घ्यावी. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, पण लहान पिलाचे कोटीपोट तयार नसल्यामुळे त्याला ते बाधते. तीन महिन्यांच्या आतील करडाला किंवा कोकराला सरकी पेंड देऊच नये. पुढेही ती खुराकाच्या, म्हणजे चाऱ्याशिवाय दिल्या जाणाऱ्या पेंड-भरड्याच्या मिश्रणाच्या, १५ टक्क्यांच्या आत ठेवावी आणि पैदाशीच्या बोकडाला व मेंढ्याला ती दीर्घकाळ देणे टाळावे. गाई-म्हशींना चालते म्हणून करडांपुढेही तीच ढेप टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडून द्यायला हवी असे मला मनापासून वाटते.

एरंडीची, करंजाची आणि निंबोळीची पेंड ही जमिनीसाठी आहे. एरंडीच्या पेंडीतील रायसिन हे जहाल विष आहे. खताची आणि खाद्याची पोती एका खोलीत ठेवू नयेत, आणि खताचे रिकामे पोते धुऊनही खाद्यासाठी वापरू नये. मांस व हाडांची भुकटी रवंथ करणाऱ्या जनावराला देऊ नये. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखल्या गेलेल्या ‘मॅड काऊ’ रोगाचा फैलाव अशा खाद्यातूनच झाला होता.

पोते उघडल्यावर

शेंगदाणा पेंडीचा तुकडा हातात घेऊन मोडावा. चांगली पेंड कडक असते, मोडताना आवाज येतो, आतला रंग फिकट तपकिरी असतो आणि वास भाजलेल्या शेंगदाण्यासारखा येतो. तुकडा मऊ लागला, मोडीवर हिरवट-पिवळी किंवा करडी बुरशी दिसली, किंवा ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, तर ते पोते परत करावे. भुईमुगावर वाढणारी ॲस्परजिलस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि ते यकृतावर घाला घालते. करडे खायची कमी होतात, केस राठ होतात, वाढ खुंटते. गाभण शेळीला आणि लहान पिलाला ते सर्वांत जास्त बाधते. बुरशीची पेंड उन्हात वाळवून किंवा उकळून वापरता येईल असा समज अनेकांचा आहे. उन्हाने बुरशी मरते, पण तिने तयार केलेले विष उन्हाने जात नाही आणि घरच्या उकळण्यानेही जात नाही. अशी पेंड कोंबड्यांनाही घालू नये.

भेसळ ओळखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. ग्लासभर पाण्यात चमचाभर पेंडीची भुकटी ढवळून पाच मिनिटे ठेवावी, वाळू असेल तर ती तळाशी बसते आणि बोटाला खरखरते. प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी कधी कधी युरिया मिसळलेला असतो. तो ओळखण्यासाठी ओलसर पेंडीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ कालवून झाकणाच्या बाटलीत अर्धा तास कोमट जागी ठेवावे. कच्च्या सोयाबीनमधील विकर युरिया फोडते, आणि झाकण उघडताच अमोनियाचा उग्र वास आला तर युरिया आहे असे समजावे. याच कारणाने, मोठ्या जनावरांना युरियायुक्त चारा देणाऱ्यांनी त्याच्यासोबत कच्चे सोयाबीन कधीही देऊ नये. सहा महिन्यांच्या आतील पिलांना युरिया कोणत्याही रूपात नको.

पोती जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. पावसाळ्यात महिनाभराहून जास्त साठा करू नये.

वयाप्रमाणे खुराक

जन्मल्यानंतर पहिल्या तासाभरात चीक पाजणे ही पहिली गोष्ट. चिकाची जागा कोणतीही पेंड घेऊ शकत नाही. पहिले दोन-तीन आठवडे पिलू दुधावरच असते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जाते. कोटीपोट वाढवायचे असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून पिलाच्या तोंडाजवळ थोडा भरडा आणि कोवळा पाला असायला हवा. गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूचे किंवा जाळीचे कुंपण करावे. त्यातून करडू जाईल पण आई जाणार नाही एवढीच फट ठेवावी आणि आत उथळ गव्हाण ठेवावी. सुरुवातीला करडे भरड्यात नुसती नाके खुपसतात आणि शिंकतात. आठवडाभरात एक धीट करडू चाटू लागते आणि बाकीची त्याचे पाहून शिकतात. उरलेला भरडा दर सकाळी काढून मोठ्या जनावरांना घालावा आणि पिलांना ताजा द्यावा.

या वयाला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेला खुराक लागतो. ५० किलो मका भरडा, ३० किलो सोयाबीन डीओसी, १७ किलो गव्हाचा कोंडा, २ किलो खनिज मिश्रण आणि १ किलो मीठ असे शंभर किलो मिश्रण मी लहान पिलांसाठी सुचवतो. शेंगदाणा पेंडीतील बुरशीचा धोका या वयात पत्करू नये, म्हणून सोयाबीन. सोयाबीन मात्र डीओसीच्या रूपातच असावे, कारण कच्च्या दाण्यातील पचनरोधक घटक उष्णतेनेच निकामी होतात. पहिल्या महिन्याअखेरीस करडू २० ते ३० ग्रॅम खाते आणि अडीच-तीन महिन्यांत, म्हणजे दूध तुटेपर्यंत, ते १०० ग्रॅमपर्यंत पोहोचते.

दूध तुटण्याचा काळ सर्वांत नाजूक असतो. आई दुरावते, दूध बंद होते, त्याच सुमारास अनेक जण खुराकही बदलतात आणि जनावरे दुसऱ्या गोठ्यात हलवतात. एका वेळी एकच बदल करावा. जुने मिश्रण तोडणीनंतर किमान दोन आठवडे तसेच चालू ठेवावे.

तीन ते सहा महिन्यांच्या जनावरासाठी १६ ते १८ टक्के प्रथिने पुरतात. ४० किलो मका भरडा, २० किलो शेंगदाणा पेंड, २० किलो गव्हाचा कोंडा, १७ किलो तूर चुनी, २ किलो खनिज मिश्रण आणि १ किलो मीठ यातून साडेसतरा टक्क्यांच्या आसपास प्रथिने मिळतात. ज्यांना एवढी जमवाजमव शक्य नाही त्यांनी तीन वाट्या मका भरडा आणि एक वाटी सोयाबीन डीओसी हे प्रमाण लक्षात ठेवावे. त्यातून १८ टक्के प्रथिने मिळतात, फक्त खनिज मिश्रण आणि मीठ वेगळे घालावे लागते. सहा महिन्यांपुढे १४ टक्के पुरे होतात, म्हणजे पेंड कमी करून कोंडा व चुनी वाढवता येते.

एका करडाचा हिशेब

बंदिस्त गोठ्यातील चार महिन्यांचा, १५ किलो वजनाचा उस्मानाबादी बोकड घेऊ. तो दिवसाला कोरड्या वजनाने ६०० ग्रॅमच्या थोडा वर खातो, आणि दिवसाला ८० ते १०० ग्रॅम वजन वाढायचे तर त्याला साधारण ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. २०० ग्रॅम कडबा कुट्टीतून सुमारे ७ ग्रॅम मिळतात. एक किलो हिरव्या नेपिअर गवतातून सुमारे १६ ग्रॅम मिळतात, कारण त्यात पाणीच आठशे ग्रॅम असते. सुबाभळीचा पाव किलो ओला पाला आणखी १६ ग्रॅम देतो आणि वरचे मिश्रण २०० ग्रॅम दिले तर त्यातून ३५ ग्रॅम मिळतात. बेरीज ७४ ग्रॅम होते. सुबाभूळ नसेल तर १६ ग्रॅमची तूट राहते आणि ती भरायला ४० ग्रॅम शेंगदाणा पेंड वाढवावी लागते. बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा किंवा दशरथ घास लावणाऱ्याचा पेंडीवरचा खर्च असा रोज, दर जनावरामागे वाचतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, कारण त्यातील मिमोसिनमुळे केस गळतात आणि गलगंडाचा त्रास होतो.

अझोला या पाण्यावर वाढवल्या जाणाऱ्या छोट्या नेच्याबद्दलही इथेच लिहितो, कारण त्याच्यावर अनेकांनी पेंड बंद केल्याचे मी पाहिले आहे. वाळलेल्या अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ताज्या अझोल्यात ९४ टक्के पाणी असते. एक किलो ताज्या अझोल्यातून १३-१४ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे शेंगदाणा पेंडीच्या ३०-३५ ग्रॅमच्या तुकड्याएवढी. अझोला जरूर द्यावा, मात्र पेंडीतून वजावट करायची तर या हिशेबाने करावी.

चरायला जाणाऱ्या कळपाचे गणित वेगळे आहे. पावसाळ्यातील कोवळ्या गवतात १२ टक्क्यांच्या वर प्रथिने असतात, तेव्हा पेंडीची गरज फार कमी असते. उन्हाळ्यात मात्र तीन महिन्यांपुढील दख्खनी किंवा माडग्याळ कोकराला संध्याकाळी ५० ते ७५ ग्रॅम शेंगदाणा अथवा सोयाबीन पेंड, सोबत तेवढाच भरडा, एवढे मिळाले तरी फरक दिसतो. धनगर मंडळी उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा झोडपून मेंढरांना घालतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. शेंगांतील टॅनिनमुळे काही प्रथिने बांधली जातात, म्हणून शेंगांसोबत थोडी पेंड दिली तर दोन्हींचा मेळ बसतो.

जिथे जनावर दगावते

पेंड आणि भरडा एकदम वाढवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बाजारातून आणलेला भुकेला बोकड पहिल्याच दिवशी पाव किलो खुराक संपवतो, मालकाला बरे वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच धष्टपुष्ट जनावर सकाळी मरून पडलेले दिसते. पचले न गेलेले पिठूळ अन्न आतड्यात उतरते, तिथले क्लोस्ट्रिडियम जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या विषाने आंत्रविषार होतो. कळपातील सर्वांत खादाड आणि गुबगुबीत पिलू आधी जाते. माझ्या स्वतःच्या गोठ्यात सुरुवातीच्या काळात अशी दोन करडे एका रात्रीत गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे नवीन जनावराला पहिल्या दिवशी २५ ग्रॅम, मग दर दोन दिवसांनी २५ ग्रॅम वाढ, असा नियम आहे. २०० ग्रॅमपर्यंत पोहोचायला दोन आठवडे लागतात आणि तेवढे लागू द्यावेत. खुराक सकाळ-संध्याकाळ विभागून, चारा खाऊन झाल्यावर द्यावा. प्रत्येक पिलाला गव्हाणीत वीतभर जागा मिळावी, नाहीतर दांडगे करडू दोघांचा वाटा खाते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी.

दुसरा धोका नरांना असतो. पेंडी, कोंडा आणि धान्य यांत स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी असते. हे प्रमाण बिघडले की मूत्रमार्गात खडे होतात. बोकड वारंवार पाय फाकवून जोर देतो, शेपटी हलवतो, ओरडतो आणि लघवी थेंबथेंब येते. हे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे, एक दिवसही थांबू नये. लहान वयात खच्ची केलेल्या नराचा मूत्रमार्ग अरुंद राहतो, त्यामुळे त्याला हा त्रास अधिक होतो. कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट राहील असे खनिज मिश्रण, खुराकात मीठ आणि दिवसभर स्वच्छ पाणी ही खरी खबरदारी आहे. हिवाळ्यात पाणी गार असते म्हणून करडे कमी पितात, तेव्हा दुपारी ताजे उपसलेले पाणी द्यावे.

मेंढ्यांसाठी खनिज मिश्रण वेगळे घ्यावे. गाईंच्या मिश्रणातील तांबे शेळीला सहसा सोसते, मेंढीच्या यकृतात मात्र ते साठत जाते, आणि एखाद्या ताणाच्या दिवशी कावीळ व लालसर-काळी लघवी होऊन मेंढी मरते. शेळ्या-मेंढ्या एकत्र असतील तर मेंढीला चालेल तेच मिश्रण सर्वांना वापरावे.

पेंड सुरू करण्यापूर्वी जंतांचा विचार करावा. खालची पापणी हलकेच ओढून पाहावी. आतला भाग लालसर गुलाबी ऐवजी पांढरट दिसला, किंवा जबड्याखाली पाणी उतरून मऊ सूज आली असेल, तर रक्तशोषक जंत आहेत, आणि तुम्ही घातलेल्या प्रथिनांतून जनावर आधी त्या रक्ताची भरपाई करते. लेंड्यांची तपासणी करून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध पाजावे आणि मग खुराक वाढवावा.

काट्याला विचारावे

पेंड परवडते का, याचे उत्तर वजनकाटाच देतो. छताला टांगायचा स्प्रिंगचा काटा आणि गोणपाटाची झोळी एवढे पुरते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चारा घालण्यापूर्वी, तीच दहा करडे तोलावीत आणि वहीत तारखेसह लिहावे. समजा, नुसत्या चाऱ्यावर करडू दिवसाला ४५ ग्रॅम वाढत होते आणि २०० ग्रॅम खुराकावर ते ८५ ग्रॅम वाढू लागले. ९० दिवसांत त्याने १८ किलो खुराक खाल्ला आणि ३.६ किलो जास्तीचे वजन दिले. खुराक ३२ रुपये किलो धरला तर खर्च ५७६ रुपये होतो, आणि जिवंत वजनाचा भाव ३५० रुपये धरला तर मिळकत १,२६० रुपये. बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनी हे ९० दिवस मागे मोजून खुराक सुरू करावा, शेवटच्या महिन्यात घाई करू नये. वाढीव वजन दिवसाला २० ग्रॅमही निघत नसेल, तर पेंड वाढवण्याआधी जंत, पाणी आणि गव्हाणीतील जागा पुन्हा तपासावी.

मृगाचा पाऊस पडून माळ हिरवा झाला की चरणाऱ्या कळपाची पेंड दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणावी. या दिवसांत पहाटेच्या ओल्या, कोवळ्या गवतावर पिले उपाशीपोटी सोडू नयेत. आधी मूठभर कडबा कुट्टी घालावी, दव उतरू द्यावे आणि मगच कळप बाहेर काढावा.